रेकॉर्ड रूममध्ये कॉम्पॅक्टर बसवताय? जमिनीच्या या चुका टाळा

कॉम्पॅक्टर म्हणजे हँडल फिरवून रुळांवर सरकवायचे रॅक. त्याचं हँडल जड फिरू लागलं किंवा एखादा रॅक आपोआप सरकू लागला, की पहिला फोन पुरवठादाराला जातो. दोष मात्र बऱ्याचदा रुळांखालच्या जमिनीत असतो.

सर्वांत महागात पडते ती वजनाची चूक. कॉम्पॅक्टरमुळे रॅकमधल्या वाटा जातात आणि तेवढ्याच जागेत जवळपास दुप्पट कागद येतो. फायलींचं वजन धावत्या मीटरला सुमारे ५० किलो धरा. ९० सेंमी रुंद, ८० सेंमी खोल आणि दोन्ही बाजूंनी सहा-सहा खण असलेल्या रॅकमध्ये ५४० किलो कागद बसतो. म्हणजे रॅकखालच्या दर चौरस मीटरवर नुसत्या कागदाचेच ७५० किलो, लोखंड वेगळं. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक असलेल्या आयएस ८७५ भाग २ मध्ये ऑफिसच्या मजल्याला साधारण २५० ते ४०० किलो आणि रेकॉर्ड ठेवायच्या खोलीला ५०० किलो धरलेले आहेत. त्यामुळे वागळे इस्टेट किंवा बेलापूरच्या वरच्या मजल्यावरचा ऑफिसचा गाळा घेणार असाल, तर ऑर्डरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्या.

तळमजला घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. नवी मुंबईत खाडीलगतच्या बऱ्याच जागा भरावाच्या आहेत. भरावावर नुसती पीसीसी (लोखंडाविना साधं काँक्रीट) आणि त्यावर लादी असेल, तर ती असमान खचते आणि रुळाला उतार येतो. तिथे भराव नीट ठोकून वर जाळी टाकलेलं काँक्रीट हवंच. शिवाय २६ जुलै २००५ आठवून सर्वांत खालचा खण जमिनीपासून किमान १५ सेंमी वर ठेवा. बेसमेंटचा विचारच नको.

रूळ थेट टाइल्सवर बसवू नका. ही चूक फार सर्रास होते. टाइलखाली मसाला पोकळ राहिलेला असतो (नाण्याने ठोकून पाहा, डबडब आवाज येईल). चाकाचा सगळा भार एका बिंदूवर येतो, टाइल तडकते आणि रूळ तिथेच बसतो. रुळाच्या पट्ट्यातली टाइल काढून काँक्रीटपर्यंत जा. लेझर लेव्हलने दर अर्ध्या मीटरला माप घ्या, सर्वांत उंच बिंदू धरून रूळ त्या पातळीला आणा आणि खालची पोकळी नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या मसाल्याने) पूर्ण भरा. नुसत्या पत्र्याच्या पॅकिंगवर ठेवलेला रूळ दोन पॅकिंगच्या मध्ये वाकतो. पीटी स्लॅब (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) असेल तर केबल कुठून जातात ते कळेपर्यंत ड्रिल लावू देऊ नका. केबल तुटली तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

रुळांच्या मधली जागा भरायला साधा प्लाय वापरला, तर ओल आणि वाळवी दोन्ही येतात. सिमेंट बोर्ड घ्या. कार्पेट नको, धूळ धरतं. व्हिनाइल चालेल, पण काँक्रीट सुकल्यावरच. ४५ सेंमीचा चौकोनी प्लास्टिक कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. आतून दव दिसलं किंवा काँक्रीट काळवंडलं, तर थांबा. ठाण्याच्या पावसाळ्यात नवं काँक्रीट फार हळू सुकतं, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

बसवल्यानंतर बिघाड झाला तर आधी लक्षण पाहा. रिकामा रॅकही एकाच बाजूला सरकतो? रुळाला उतार आहे. भरल्यावरच मधोमध येऊन थांबतो? स्लॅब झोल खातोय. फायली लगेच उतरवा आणि इंजिनिअरला बोलवा. ठरावीक जागी धक्का बसतो? रुळाचा जोड वरखाली झालाय, किंवा रूळ इमारतीच्या एक्स्पान्शन जॉइंटवरून (दोन भागांना हलायला मुद्दाम सोडलेल्या फटीवरून) गेलाय. पहिल्या कारणावर जोड घासून इलाज होतो. दुसऱ्यावर रूळ उखडून जागा बदलावी लागते.