आईच्या पोटात राहिलेला गॉज आणि आमची फाइल

पिशवीचं ऑपरेशन झालं तरी आईचं पोट दुखायचं थांबेना. सात महिने "टाके ओढतायत, होईल कमी" एवढंच ऐकलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी सिटी स्कॅन करायला लावला, तेव्हा आत गॉज, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायच्या जाळीदार कापडाचा तुकडा, दिसला. मी त्याच रात्री भांडायला निघालो होतो. मामांनी हात धरून बसवलं: "आधी कागद काढ."

तुम्हीही तेच करा. उपचाराचे कागद मागणारा लेखी अर्ज रुग्णालयाला दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अर्जानंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. संमतीपत्र, ऑपरेशन नोट्स, भूल दिल्याची नोंद, नर्सिंग चार्ट, बिलं असं सगळं मागा. आमच्या नोट्समध्ये "गॉज मोजणी बरोबर" असं लिहिलेलं निघालं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच ओळीचा झाला.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी सर्जनना हात जोडून म्हणालो, "डॉक्टर, कुणाची चूक ते लिहू नका, आत जे सापडेल ते जसंच्या तसं लिहा." त्यांनी लिहिलं. सोबत फोटो आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्टही ठेवला.

त्रास झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नसतं, हे आधी मनाशी पक्कं करा. गॉज मात्र स्वतःच बोलतो. अशा प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये म्हटलंय. नस कापली गेली, संसर्ग झाला, तर त्याच विषयातल्या डॉक्टरचं लेखी मत मिळवाच.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, आणि तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. उपचाराला मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. मुदत दोन वर्षं, आणि ती हलक्यात घेऊ नका. गोव्यातल्या एका परिचारिकेचं १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, गॉज निघाला २००२ मध्ये, तक्रार केली २००४ मध्ये. इतकी वर्षं दुखणं अंगावर काढलं म्हणून सर्वोच्च न्यायालयात ती तक्रार टिकली नाही. दुखतंय तर दाखवा, आणि दाखवल्याचा प्रत्येक कागद जपा.

ज्या सरकारी रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथली तक्रार या आयोगात चालत नाही. दिवाणी कोर्टात जावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकतं, भरपाई देत नाही.

रक्कम मागताना एकच मोठा आकडा टाकू नका. आम्ही दुसऱ्या ऑपरेशनचं बिल, औषधं, गाडीभाडं, माझी बुडालेली मजुरी असं वेगवेगळं मांडलं. आणि आईची वही जोडली. कुठल्या दिवशी उठता आलं नाही, कधी पाण्याची कळशी दुसऱ्यानं भरली, हे ती रोज तारीख घालून लिहायची.