वासरांच्या खाण्यात या चुका टाळा: वाढं, चीक आणि बादली

ऊसतोड सुरू झाली की कराडपासून पलूसपर्यंत कृष्णाकाठच्या गव्हाणी वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यानं, भरतात. गाईपुढची पेंढी दोन महिन्यांच्या कालवडीपुढंही पडते. महिनाभरात पोट नगाऱ्यासारखं, कणा वर आलेला, केस राठ. 'खातंय भरपूर, पण अंगी लागत नाही' ही तक्रार तिथूनच येते. या वयात कोटीपोट (चारा आंबवून पचवणारा पोटाचा पहिला, मोठा कप्पा) अजून कामाला लागलेलं नसतं, त्यामुळं चोथा नुसता साठून राहतो. शिवाय वाढ्यात प्रथिनं कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. तीन महिन्यांपर्यंत वाढं नको, मुरघासही (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) नको. थोडं कोवळं, वाळलेलं गवत चालेल.

जार (वार) पडेपर्यंत चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, काढायचा नाही, ही समजूत अजून गेलेली नाही. जार पडायला सहा-आठ तास सहज लागतात. इकडं वासराच्या आतड्यातून रोगप्रतिकारक घटक रक्तात शिरण्याची वाट दर तासाला अरुंद होते आणि 24 तासांत जवळजवळ बंद होते. 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी तीन लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वासरू लुचलं की जार पडायलाही मदतच होते. खरवस उरलेल्या चिकाचा करा.

दूध पाजण्यातली चूक मात्र चटकन दिसत नाही. वासरू मान वर करून चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाची पन्हाळ मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात जातं. बादली जमिनीवर ठेवून तोंड आत दाबलं, किंवा दूध गार असलं, तर पन्हाळ नीट मिटत नाही. दूध कोटीपोटात पडून आंबतं. दूध पाजल्यावर डाव्या कुशीवर हात ठेवून हलकेच दाबा: आत खळखळ होत असेल आणि शेण पांढुरकं, चिकणमातीसारखं असेल, तर हाच दोष. बाटली वासराच्या खांद्याच्या उंचीला धरा, दूध 38-39 अंश कोमट ठेवा. निपलचं भोक मोठं करू नका. बाटली उलटी केल्यावर थेंब पडावेत, धार नको. दुधात पाणी घालून माप पुरं करणं तर सोडूनच द्या. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध, दोन किंवा तीन वेळांत, हे किमान समजा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांसाठीचा खुराक) आणि वेगळ्या भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा. दूध मिळतंय म्हणून पाणी न देणं फार महागात पडतं, कारण स्टार्टर पचवणारे जंतू कोटीपोटातल्या पाण्यातच वाढतात. गाईची गोळी पेंड वासराला घालू नका. तिच्यात युरिया असू शकतो, आणि तो वापरण्याची ताकद त्या कोटीपोटात नसते.

हगवण लागली की दूध बंद करून गुळाचं पाणी पाजतात. वासराला ऊस-साखर पचवणारं विकरच नसतं, गूळ-साखरेनं जुलाब वाढतात. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. हे पाणी दुधात मिसळू नका, सोड्यामुळं दूध पोटात नीट विरजत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा आणि दूध चालू ठेवा. डोळे खोल गेले, मानेची चिमटीत धरलेली कातडी लगेच जागेवर येत नसेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

रेडकाची गोष्ट थोडी वेगळी. गोल जंत त्याला आईच्या दुधातूनच मिळतात. म्हणून जंताचं औषध दहा ते पंधरा दिवसांचं असताना, डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेत. तीन महिने थांबलात तर तोवर बरीच रेडकं हातची जातात.

दूध तोडायचं ते वय मोजून नव्हे. सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर संपत असेल, तर आठवडाभरात हळूहळू कमी करत तोडा.