ट्रायकोग्रामा ओळखायचा असेल तर रंग बघू नका, आधी नर शोधा

उसाच्या पानावर खोडकिड्याची अंडी बघितलीच असतील, माशाच्या खवल्यासारखी एकावर एक चढलेली. त्यात एखाद्या अंड्यात काळा ठिपका दिसला तर ते आतल्या अळीचं डोकं आहे, म्हणजे कीड बाहेर पडायच्या बेतात आहे, पण अख्खं अंडंच काळं पडलं असेल तर आत आपला मित्रकीटक, म्हणजे किडीच्या अंड्यातच वाढणारी ट्रायकोग्रामासारखी बारीक गांधीलमाशी, वाढतोय.

आता काळं अंडं म्हणजे ट्रायकोग्रामाच असं लगेच धरू नका, टेलेनोमस नावाचा असाच दुसरा मित्रकीटकपण असू शकतो. पानाचा तेवढा तुकडा कापून काचेच्या नळीत टाका, तोंडाला कापूस एकदम घट्ट लावा कारण आतून येणारा किडा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि एका नळीत अंड्यांचा एकच पुंजका ठेवा म्हणजे नर कुठल्या माद्यांसोबतचा ते नक्की कळतं. तारीख, गाव, पीक, कुठल्या किडीची अंडी हे लेबलवर तेव्हाच लिहा, नंतर आठवत नाही. आठवडा-दहा दिवसांत बाहेर येतात, मग अल्कोहोलमध्ये टाका.

पहिली पायरी सोपी. पायाच्या टोकाचे, म्हणजे टार्ससचे, तुकडे मोजा. तीन असले तर ट्रायकोग्रामाचं कुटुंब, पाच असले आणि अंग चकचकीत काळं असलं तर टेलेनोमस असायची शक्यता जास्त.

त्या कुटुंबात सगळ्यात जास्त घोळ होतो तो ट्रायकोग्रामा आणि त्याचा जवळचा भाऊबंद ट्रायकोग्रामाटॉइडिया यांच्यात. पुढच्या पंखातल्या शिरेच्या टोकाजवळून मुळाकडे तिरकी जाणारी केसांची छोटी ओळ बघा, तिला आरएस-वन म्हणतात, ती ट्रायकोग्रामात असते, दुसऱ्यात नसते. नराची अँटेना, म्हणजे डोक्यावरची मिशी, तीपण बघा, ट्रायकोग्रामात पुढचा भाग अखंड एकच आणि त्यावर लांब लांब केस, दुसऱ्यात तोच भाग तुकड्या-तुकड्यांचा.

जात ठरवताना मात्र रंगावर अजिबात जाऊ नका! थंडीत वाढलेले गडद होतात, उन्हाळ्यातले पिवळट, जात तीच. याच गोंधळामुळे जुन्या भारतीय रिपोर्टमध्ये ऑस्ट्रेलिकम या ट्रायकोग्रामाच्या जातीचा म्हणून लिहिलेला बराचसा माल प्रत्यक्षात चिलोनिस या दुसऱ्या जातीचा होता. नागरकट्टी आणि नागराजा या कीटकशास्त्रज्ञांनी 1971 साली नराचं जननेंद्रिय हीच खरी खूण आहे हे नीट मांडलं, आणि आजही काम त्यावरच चालतं. मला हे भारतीय कीटकशास्त्रातलं फार मोठं काम वाटतं, ट्रायकोकार्डवर, म्हणजे शेतात सोडायच्या ट्रायकोग्रामाच्या अंड्यांच्या कार्डावर, कुठली जात आहे हेच माहीत नसेल तर शेतात सोडून काय उपयोग, भातात जॅपोनिकम ही जात लागते आणि उसात चिलोनिस.

तर नर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करा, होयर मीडियम या स्लाइडवर नमुना बसवायच्या चिकट द्रवात पाठ वर करून स्लाइडवर ठेवा, पंख आणि अँटेना पसरवा, मग चारशे पट मोठं करून पोटाच्या टोकाला बघा. चिलोनिसमध्ये जननेंद्रियाचं पाठीकडचं पातं त्रिकोणी दिसतं. एकच नर बघून निकाल देऊ नका, पाच-सहा तरी बघा.

कधीकधी नळीत नुसत्या माद्याच निघतात, वोल्बॅकिया नावाच्या जिवाणूमुळे असं होऊ शकतं. तेव्हा जननेंद्रियाचा मार्गच बंद, आयटीएस-टू हा डीएनएचा तुकडा तपासावा लागतो, म्हणून सगळे किडे स्लाइडवर संपवू नका, थोड्या माद्या शुद्ध अल्कोहोलमध्ये फ्रीजरला ठेवून द्या.