कचऱ्यापासून वीज: गॅसिफायर चालवताना या चुका टाळा

गॅसिफायर म्हणजे कोरडा कचरा कमी हवेत जाळून त्यातून जळाऊ गॅस काढणारी भट्टी; त्या गॅसवर इंजिन चालवून वीज करतात. तो बंद पडला की सगळे आधी इंजिन खोलतात. दोष मात्र बहुतेक वेळा वरून टाकलेल्या कचऱ्यात असतो.

सर्वांत महागात पडते ते ओलसर जळण. भाजीच्या सालीदेठांत ७० टक्क्यांहून जास्त पाणीच असते. ते उडवण्यात उष्णता संपते, १००० अंशांच्या आसपास राहायला हवा तो जळता थर थंडावतो आणि जळणातून निघणारी डांबराची वाफ साध्या वायूंत न मोडता गॅसबरोबर पुढे जाते. अशा इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह (गॅस आत घेणारी झडप) काढून पाहा: दांड्यावर काकवीसारखा काळा चिकटा बसलेला असतो. रात्रभरात तो घट्ट होतो आणि सकाळी व्हॉल्व्ह हलत नाही. म्हणून जळणातला ओलावा २० टक्क्यांच्या आतच हवा. ओला कचरा वाळवत बसू नका, तो बायोगॅसला द्या. गॅसिफायरला लाकूड, पुठ्ठा, वाळका पालापाचोळा चालतो, पण सुटा पाला हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या जळण टाकायच्या पेटीत, अडकून खाली पोकळी धरतो. दाबून त्याच्या कांड्या करा.

गॅस थेट इंजिनाला कधीच देऊ नका. आधी बर्नरवर पेटवा. ज्योत धूर न सोडता स्थिर जळली तरच पुढे जा. पांढरा धूर दिसला तर भट्टी अजून तापलेली नाही किंवा माल ओला आहे.

हवा वाढवली की गॅस वाढतो, हाही गैरसमजच. पूर्ण जळायला लागते त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश हवाच इथे पुरते. जास्त दिली तर जळाऊ वायू आतच जळून जातो. झाकणाची गळकी सील हेच नुकसान गुपचूप करते.

पीव्हीसीचे पाइप, वायरींची आवरणे कटाक्षाने वेगळी काढा. त्यांतल्या क्लोरीनमुळे आम्ल तयार होऊन लोखंड खाते, डायॉक्सिन या विषारी द्रव्याचाही धोका असतो. काच आणि माती राखेत वितळून जाळीवर खडे धरतात.

विजेच्या एका युनिटला सव्वा-दीड किलो कोरडे जळण लागते. एकट्या घराच्या कचऱ्यावर इंजिन रोज चालणार नाही, चार घरांचा माल एकत्र करा.

आणि शेड बंदिस्त ठेवू नका. या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला ना रंग, ना वास. त्याचा अलार्म लावा. डोके दुखू लागले, गरगरले, तर आधी सगळे बाहेर मोकळ्या हवेत या. गळती नंतर शोधा.