स्पेसिमेन नोट घेताय? या चुका टाळा

नोटेवर लाल अक्षरांत ‘स्पेसिमेन’ (म्हणजे नमुना) दिसलं की नवख्या संग्राहकाचा हात थेट खिशाकडे जातो. बहुतेक जण फसतात ते इथेच. शिक्का काय, कुणीही मारेल. आधी नंबर बघा. नमुना नोट बँका आणि सरकारी तिजोऱ्यांना खरी नोट ओळखता यावी म्हणून पाठवत. ती खर्चायची नसे. म्हणून नंबराच्या जागी बहुधा शून्यं असतात, बऱ्याचदा भोकंही पाडलेली असतात. नेहमीचा नंबर, मधोमध घडी, कडांना बोटांचा मळ आणि वर शिक्का, अशी नोट समोर आली तर विचारा: बाजारात न फिरलेल्या नोटेला एवढा मळ कुठला? मग भिंग काढा. शिक्क्याची शाई घडीच्या तुटलेल्या धाग्यांत झिरपली असेल, तर शिक्का घडीनंतरचा.

पंच मारून रद्द केलेली चलनी नोट म्हणजे नमुना नव्हे. उलट वेगळ्याच रंगात छापलेली नोट पाहून ती लगेच बनावट ठरवू नका. रंग पसंत करण्यासाठी छापखाने अशा चाचण्या काढत.

सालाचीही गंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सहाव्या जॉर्जच्या नोटांवर साल नाही, त्या वेळच्या गव्हर्नरची सही आहे. पहिली, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये आली ती टेलरच्या सहीची. चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले १९४३ मध्ये. त्यांच्या सहीची नोट ‘१९३८ ची पहिली छपाई’ म्हणून कुणी पुढे केली, तर आपला माणूस म्हणून हळवं होऊ नका.

पोर्तुगीज गोव्याच्या १९५९ च्या ३०, ६०, ३०० एस्कुदोंच्या नोटांचे आकडे विचित्र वाटतात, म्हणून त्या चाचणीच्या समजू नका. ६ एस्कुदोंना १ रुपिया (तिथलं आधीचं चलन) असा दर होता. ६० म्हणजे सरळ दहा रुपिया.

राहिली निगा. मी माझ्या पहिल्या जुन्या नोटेला चक्क इस्त्री केली होती! कागद गुळगुळीत झाला, उठावदार छपाई सपाट झाली, किंमत गेली. धुणं, सेलोटेप, लॅमिनेशन, सगळंच वर्ज्य. पीव्हीसीची पाकिटं नकोत, मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) घ्या. पाठीवर जुन्या अल्बमचा गोंद असेल तर खरवडू नका, तसाच राहू द्या. आणि कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.