पुढच्या साथीआधी: ढोलकीवाल्याचं नाव वहीत आहे का?

तमाशाची मोठी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर. २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर लॉकडाऊन लागला आणि नारायणगावला फडांच्या बुकिंगच्या राहुट्यांत (तंबूंत) ठरलेल्या सुपाऱ्या रद्द झाल्या. २०२१ चा चैत्रही निर्बंधांतच गेला. म्हणून तमाशा कलाकारांना मदत पोचवायची तयारी रोगाची साथ आल्यावर करायची नसते. आषाढात कलाकार गावी असतात, कागदपत्रं घरात असतात. ती वेळ धरा.

पहिलं काम यादीचं. फडमालकाकडून नावं घेऊन थांबू नका. यात्रेच्या पोस्टरवर मालकाचं आणि गाणारणीचं नाव असतं. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावाला, पेटीवाला कुठेच नसतो. हीच माणसं साठी ओलांडलेली आणि मदतीतून हमखास सुटणारी. माणसागणिक एक पान ठेवा: वय, वाद्य, घरात खाणारी तोंडं, रोजची औषधं, रेशनकार्ड कुठल्या गावचं, फोन स्वतःचा की नातवाचा. उचल किती बाकी आहे तेही विचारा, पण चारचौघांत नको. सीझनच्या आधी घेतलेली उचल कामातून फिटते. सीझनच बुडाला की तिचं कर्ज होतं, आणि पोचवलेले पैसे घरात न राहता तिकडे वळतात.

मग कागद. ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी मानधनाला वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, कलेचा पुरावाही लागतो, आणि साथीदारांचं घोडं इथेच अडतं. वाजवतानाचे जुने फोटो, कार्यक्रमपत्रिका, आकाशवाणीचं करारपत्र, कात्रणं, यात्रा कमिटीचं नावानिशी पत्र, मिळेल ते गोळा करून दोन झेरॉक्स संच करा. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. मानधन चालू असेल तर हयातीच्या दाखल्याची तारीख वहीत लाल शाईने लिहा. तो चुकला की मानधन थांबतं. असंघटित कामगारांच्या सरकारी ई-श्रम नोंदणीच्या भरवशावर राहू नका, तिथली नोंदणी ५९ वर्षांपर्यंतच होते.

बँक खातं कलाकाराच्याच नावावर हवं. मालकाच्या किंवा पुतण्याच्या खात्यात गेलेली रक्कम अर्धीच पोचते, कधी तीही नाही. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, म्हणून आत्ताच शंभर रुपये भरून-काढून बघा. म्हातारपणी बोटांचे ठसे उठत नाहीत आणि रेशनच्या मशीनपुढे माणूस रिकाम्या पिशवीनिशी परततो. आधारला चालू मोबाइल जोडून घ्या आणि धान्य दुसऱ्याला उचलता येईल का, हे दुकानदाराला आधीच विचारून ठेवा.

शिध्यात तांदूळ-गहू परत देऊ नका, ते रेशनवर येतं. दोन माणसांना महिन्याला २ किलो तूरडाळ, २ लिटर तेल, २ किलो साखर, पाव किलो चहा, पाव किलो तिखट, १ किलो मीठ, अंगाचा-कपड्यांचा साबण, आणि गॅससाठी वेगळे पैसे. चहा-साखर चैन समजून कापणारे भेटतात. त्यांना यादीपासून लांब ठेवा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या महिन्याच्या आणि वर पंधरा दिवसांच्या. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे जनऔषधी केंद्रात अडत नाही. श्वासाची साथ असेल तर वस्तीत एक ऑक्सिमीटर ठेवा. बोट गार असेल, नखरंग किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो. बोट चोळून, मिनिटभर स्वस्थ बसवून मोजा. ९४ च्या खाली दिसला तर परत मोजा, आणि तसाच राहिला तर दवाखाना.

वाद्यं विसरू नका. पहिल्या दोन महिन्यांत विकली किंवा गहाण पडली की साथ संपल्यावरही काम नाही. शिध्याबरोबर थोडी रोकड द्यायची ती यासाठीच. न वाजणाऱ्या ढोलकीचा ताण थोडा उतरवा, पावसाळ्यात कोरड्या कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर टांगा. दमट हवेनं कातडं सैल पडतं आणि उंदीर ते कुरतडतात. पेटीत डांबरगोळ्यांची पुरचुंडी ठेवा आणि आठवड्यातून एकदा भाता हलवा. सनईची पत्ती (फुंकायची जीभ) एकाची दुसऱ्याने तोंडाला लावायची नाही.

काही जण मदत घेणारच नाहीत. त्यांना बिदागी द्या: रेकॉर्डिंग मागा आणि आकडा आधी सांगा. गाणाऱ्याला आणि साथीदाराला पैसे वेगवेगळे, ज्याचे त्याच्या खात्यात. दोन घरांतून ऑनलाइन एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागेपुढे येतो आणि लय तुटते. आधी पेटीवाल्याचं एकट्याचं रेकॉर्ड करा. ते इअरफोनमध्ये ऐकत ढोलकीवाला दुसऱ्या फोनवर वाजवेल. फोन ढोलकीपासून दोन हात लांब, नाहीतर खर्जाचा आवाज फाटतो. झूमवर थेट ऐकवायचं असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. तसं केलं नाही तर ॲप पेटीचा लांबलेला सूर गोंगाट समजून गिळून टाकतं आणि समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याचा हात आता राहिला नाही.