आधी पाय, मग पिसं

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली होती. त्या भरवशावर मी पक्षी काढायला घेतले आणि पहिलं दीड वर्ष वाया घालवलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचं तेवढं तरी वाचावं, म्हणून हे लिहिते आहे. पेन्सिल कुठली, कागद कुठला, हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

माझी पद्धत अशी होती. मोबाइलवर पक्ष्याचा सुंदर फोटो शोधायचा, त्यावर चौकटी आखायच्या, तशाच कागदावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. डोळ्यापासून सुरुवात, मग चोच, मग पिसं. चित्र हुबेहूब यायचं, घरचे कौतुक करायचे. पण चौकटीत आपण पक्षी काढतच नसतो. काळे-पांढरे डाग इकडून तिकडे नेत असतो. तो पक्षी उभा कसा आहे, हा प्रश्न मला दीड वर्षात एकदाही पडला नाही.

मग मी वंचकाचं, म्हणजे पाण्याकाठच्या छोट्या तपकिरी बगळ्याचं, एक मोठं चित्र केलं. मूळ फोटोत तो माशावर टपून पुढे वाकलेला होता, पण पाय बांधाच्या गवतात बुडालेले होते. म्हणून ताठ उभ्या वंचकाच्या दुसऱ्या फोटोतले पाय घेऊन मी ते शेपटीजवळ जोडले. रत्नागिरीत भाट्याच्या पुलाखाली होडी लावणाऱ्या एका काकांना ते चित्र दाखवलं. क्षणभर बघून ते म्हणाले, "गो बाय, ह्यो तोंडावर पडंल." त्यांनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. पण खाडीच्या कडेला उभे वंचक ते रोज बघतात. मला त्या रात्री झोप लागली नाही.

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक सगळे इथेच अडकतात. पक्ष्याचा जो गुडघा उलटा वाकलेला दिसतो, तो गुडघा नसतो, घोटा असतो. खरा गुडघा आणि मांडी पोटाच्या पिसांत दडलेली असतात. घोट्याखालची लांब काडी म्हणजे त्याचं पाऊल, आणि जमिनीला टेकतात ती फक्त बोटं. वंचक ताठ उभा असतो तेव्हा पाय शरीराच्या खालच्या टोकातून, शेपटीजवळून निघाल्यासारखे दिसतात. तो पुढे वाकला की धड आडवं होतं, वजन पुढे जातं आणि आतली मांडी, घोटा असे काही हलतात की बोटं पुन्हा वजनाच्या खाली येतात. एका पायावर उभा राहिला तर तो पाय धडाच्या मधोमध सरकतो. मी ताठ पक्ष्याचे पाय वाकलेल्या पक्ष्याला लावले होते.

उपाय गवंड्याचाच आहे, ओळंबा. धडाचा नुसता अंडाकृती गोळा काढा, त्याच्या कलाची एक रेघ मारा आणि गोळ्याच्या मध्यातून सरळ खाली एक उभी रेघ सोडा. उभ्या पक्ष्याची बोटं त्या रेघेच्या आसपास पडायलाच हवीत. पडत नसतील तर पुढे जाऊ नका. डोळा काढू नका, पिसाला हात लावू नका. मी महिनाभर खाडीकाठी बसून, समोरच्या पक्ष्यांवरून एवढंच केलं. बॉलपेनने, कारण खोडरबर हाताशी असला की मी एकाच रेघेशी झटत बसते आणि पक्षी उडून जातो. एका पानावर दहा-बारा अर्धवट वंचक. पक्षी हलला की नवीन रेखाटन सुरू करायचं, पुन्हा आधीच्या पवित्र्यात आला की जुन्याकडे परतायचं. ही पानं कुणाला दाखवण्यासारखी नसतात. नका दाखवू.

सुरुवात वंचकापासूनच करा, असा माझा आग्रह आहे. तो बराच वेळ दगडासारखा उभा राहतो. तुतवार, चिखल्या पळत सुटतात, त्यांच्या मागे लागलात तर रडकुंडीला याल. पावसाळ्यात खाडीवर जाता येत नाही तेव्हा अंगणातली कोंबडी आहे, माडावरचा कावळा आहे. कोंबडी चालताना तासभर बघितलीत तर पायांबद्दल महागड्या ऑनलाइन क्लासपेक्षा जास्त कळतं. 'तीस दिवसांत पक्षी' शिकवणाऱ्यांकडे मी पैसे भरले होते. तिथे पुन्हा फोटोच होते. आणि जो शिक्षक तुमच्या हातातली पेन्सिल घेऊन तुमच्याच कागदावर रेघ दुरुस्त करतो, त्याच्याकडे फार दिवस थांबू नका. चूक नेमकी कुठे आहे हे सांगून हात मागे घेणारा शोधा. पैसे असतील तर कॅमेऱ्याआधी आठ पटीची दुर्बीण घ्या.

वेळेचं म्हणाल तर, ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पांगलेले असतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं, तेव्हा बसा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून दर रविवारी सात वाजता जाण्यात अर्थ नाही. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीशी असतं, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सगळे पक्षी काळे होतात, आणि आकार शिकायला तीच वेळ उत्तम.

रंगांचं थोडक्यात. पांढरा बगळा पांढऱ्या रंगाने रंगवू नका. कागद कोरा सोडा, मागचं कांदळवन गडद करा, सावलीत किंचित निळसर छटा द्या. खंड्याच्या पाठीचा निळा हा मुळात रंगद्रव्याचा नाहीच, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्याने तो दिसतो. म्हणूनच उजेड बदलला की तो निळाही बदलतो, आणि ट्यूबमधला एकच निळा थापला की मेल्यासारखा दिसतो. पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या. आमच्याकडे जुलैत थर वाळतच नाही आणि कागदाला बुरशी धरते. माझी ३०० जीएसएमची, म्हणजे जाड कागदाची, अख्खी वही तपकिरी ठिपक्यांनी गेली. आता कागद पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगते. पावसात तिबोटी खंड्या ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. चित्रासाठी त्या बिळासमोर ठाण मांडू नका. आईबाप चारा घेऊन समोरच्या फांदीवर ताटकळतात आणि आत पिल्लं उपाशी राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांसोबत तर जाऊच नका.

सहा महिने काहीच जमत नाही असं वाटेल. मलाही वाटलं, दोनदा सगळं सामान माळ्यावर टाकलं होतं. मग एका फेब्रुवारीत चढत्या भरतीला एक वंचक काढला, सात-आठ रेघांचा, डोळासुद्धा नसलेला. काकांनी वही हातात घेतली, थोडी लांब धरली आणि म्हणाले, "आता हा मासा धरणार."